निळी सिस्टर

आमच्या नाटकाच्या तिसऱ्या अंकात खलनायकाचं कापलेलं शिर तबकातून आणायचं असे, आणि एका दौऱ्यात ते शिर उंदरांनी कुरतडलं. नवं करून घ्यायला मालकांनी खलनायकाला आणि मला पुतळ्यांच्या कारखान्यात पाठवलं. मी तेव्हा नायिकेची कामं करत असे. मला का पाठवलं ते मालकांनाच ठाऊक. बहुधा घासाघीस करायला.

दर्शनी खोलीत इस्त्रीच्या शर्टातला एक तरुण गृहस्थ बसला होता. त्याने काम समजून घेतलं, चहा मागवला आणि आम्हाला मागे पाठवलं. मागच्या लांबट खोलीत, छताच्या काचेतून येणाऱ्या उजेडात, एक उंच बाई गोणपाटाचा एप्रन बांधून माती तुडवत होती. आम्हाला बघून ती थांबली, पाय फडक्याला पुसले आणि खलनायकाभोवती एक चक्कर मारली.

"तुमचा डावा कान उजव्यापेक्षा खाली आहे," ती म्हणाली.

"इतक्या वर्षांत कुणी बोललं नाही मला."

"तुमच्या तोंडावर कोण बोलणार?"

खलनायक भलताच खूश झाला. कंपनीत त्याला सगळे दुष्ट म्हणत, त्याची बायकोसुद्धा. आणि माणूस असा की मुंगी आडवी आली तर थांबून वाट देईल. शिर इतकं हुबेहूब झालं की नाटक उतरल्यावर त्याच्या बायकोने ते घरी मागून नेलं. म्हणाली, हे निदान घोरत तरी नाही.

ती बाई म्हणजे अक्का. इस्त्रीचा शर्ट तिचा धाकटा भाऊ. त्याला सगळं गावच भाऊ म्हणे. त्या दिवसापासून मी अक्काकडे जी जायला लागले ती तिच्या शेवटच्या आजारापर्यंत जात राहिले. दौऱ्यावरून परतले की आधी तिच्याकडे, मग घरी. ती मला 'नाटकवाली' म्हणायची, आणि त्या शब्दात कौतुक किती नि टोमणा किती हे मला कधीच नीट मोजता आलं नाही.

कारखाना त्यांच्या वडिलांचा. हयातीतच त्यांनी कामाची वाटणी करून ठेवली होती: माती अक्काची, साचा भाऊचा. माती म्हणजे मूळ मूर्ती घडवणं. साचा म्हणजे त्या मूर्तीवर प्लास्टरचं जाड कवच चढवायचं, ते वाळल्यावर उघडायचं, आतली माती उकरून फेकायची, कवच पुन्हा जोडून त्याच्या पोकळीत प्लास्टर ओतायचं आणि शेवटी छिन्नीने कवच फोडून आतली मूर्ती मोकळी करायची. साच्याच्या दिवशी अक्काला त्या खोलीत मज्जाव असे. वडिलांचं म्हणणं असं, की आपण घडवलेली माती उकरताना बघवत नाही, जीव तुटतो. हे खरं होतं की सोयीचं, देव जाणे. वडील गेल्यावर दारावरच्या पाटीवर भाऊचं नाव आलं. पुतळ्यांच्या चौथऱ्यांवरही भाऊचंच. अक्का मागच्या खोलीत माती तुडवत राहिली.

"तुला राग नाही येत?" मी एकदा विचारलं.

"येतो की. म्हणून तर पायाने तुडवते."

मग मोठ्या दवाखान्याच्या हेड सिस्टर वारल्या. गावातली निम्मी पोरं त्यांच्या हातावर जन्मली होती, त्यामुळे पुतळा व्हावा हे सगळ्यांनाच वाटलं. समिती नेमली गेली. सिस्टरांची भाची शाळेत शिकवत असे. ती समितीत होती आणि तिने एकच हट्ट धरला, की ज्या बाईने मावशीला जवळून पाहिलंय तिनेच हे काम करायचं. अक्काची आई महिनोन् महिने त्याच दवाखान्यात पडून होती आणि अक्का तिच्या उशाशी. भाचीचा हट्ट चालला. काम अक्काच्या नावावर झालं.

समितीचे सेक्रेटरी निवृत्त हेडक्लार्क होते. सिस्टर हातात दिवा घेऊन उभ्या असाव्यात असं त्यांच्या मनात होतं.

"कसला दिवा?" अक्काने विचारलं.

"सेवेचा. प्रतीक म्हणून."

"वॉर्डात दिवे होते की. विजेचे."

तिने सिस्टरांना जसं पाहिलं होतं तसं करायचं ठरवलं: पाळी संपल्यावर वॉर्डाच्या टोकाला स्टुलावर बसलेल्या, बाह्या वर सरकवलेल्या, दोन्ही तळवे मांडीवर उताणे टाकलेले. सेक्रेटरींनी मान्यता दिली, पण अट घातली. प्लास्टरची मूर्ती समिती बघणार. पसंत पडली तर ओतारी ती धातूत ओततील. नाही पडली तर काम भाऊच्या कारखान्याकडे.

भाऊने हे ऐकलं आणि मागच्या खोलीच्या दारात येऊन उभा राहिला. मी तिथेच बसले होते.

"खाली नाव कारखान्याचं येईल ना?"

"माझं येईल," अक्का म्हणाली.

"मग कारखान्यात करू नकोस."

"बरं."

एवढंच बोलणं झालं. तिने एप्रन सोडला, आपली लाकडी कोरणी त्यात गुंडाळली आणि ती माझ्याबरोबर रस्त्यावर आली. काम जमलं नाही तर याच दारातून परत आत जायचं होतं, भावाच्या नावाखाली, आणि मग कायमचं. समितीला यातलं काही माहीत नव्हतं. आम्हाला दोघींना पुरेपूर माहीत होतं.

लाकडाच्या वखारीमागे तिने एक पत्र्याची शेड भाड्याने घेतली. दिवसभर करवत किंचाळायची आणि भुसा उडून मातीवर बसायचा. अक्का तो कुंचल्याने झटकून वखारवाल्याला पत्र्याआडून शिव्या घालायची. तो तिकडून हसत माफी मागायचा. लोखंडी सळ्या नि तारेच्या सांगाड्यावर तिने माती चढवली. बसण्याची ढब कळावी म्हणून मला स्टुलावर बसवलं.

"अभिनय करू नकोस," ती म्हणाली.

"मी काय केलं?"

"दमल्यासारखं करते आहेस. सिस्टर दमल्यासारखं करत नसत. दमत असत."

मी इतकी वर्षं रंगभूमीवर काढली, पण एवढी मोलाची सूचना मला एकाही दिग्दर्शकाने दिली नाही.

माती पुरी झाली आणि साच्याचा प्रश्न आला. बसलेल्या माणसाएवढ्या मूर्तीचा साचा एका माणसाचं काम नव्हे. प्लास्टर पाण्यात कालवलं की बघता बघता घट्ट होतं. कालवणारे, नेणारे, मारणारे असे पुष्कळ हात लागतात. कारखान्यातल्या कामगारांना अक्का घरोघरी जाऊन भेटली. भाऊने आधीच सांगून ठेवलं होतं, जो जाईल त्याने परत यायचं नाही. कुणाचं पोट दुखत होतं, कुणाची सासू यायची होती. बिचाऱ्यांना तिच्या डोळ्यांत बघवत नव्हतं.

"माझ्याकडे माणसं आहेत," मी म्हणाले.

"कोण?"

"कंपनी."

अक्काने माझ्याकडे असं बघितलं की जणू मी सर्कशीतले हत्ती देऊ केले होते. पण तिच्यापाशी दुसरा उपाय नव्हता.

तर एका सकाळी तिच्या शेडमध्ये दुष्ट आला, प्रॉम्प्टर आला, पडदे रंगवणारे काका आले, पडदा ओढणारा आला आणि मी. अक्काने मातीच्या सिस्टरांच्या अंगावर पत्र्याच्या पातळ पट्ट्या खोचून ठेवल्या होत्या, म्हणजे साचा पुढे तिथून उघडता यावा. तिने प्रत्येकाला काम नेमून दिलं. प्रॉम्प्टर पाणी-प्लास्टरचं माप वाचणार. आयुष्यभर तो दुसऱ्यांना पुढचं वाक्य सांगत आला होता, हे त्याला चांगलं जमलं. दुष्ट बादल्या उचलणार. त्याला प्लास्टर नुसतं मारवेना, तो प्रत्येक फटकाऱ्याला पल्लेदार हात टाकी.

"अहो, मारामारी नाही चाललेली," अक्का ओरडली. "पहिला हात पातळ. फुंकर घातल्यासारखा."

"मी कधी फुंकर घातली नाही, बाई. मी विष घालतो."

"इथे प्लास्टर घाला."

धांदल उडाली. एक बादली घट्ट होऊन वाया गेली, दुसरी काकांच्या चपलेत सांडली आणि तिथेच घट्ट झाली. तरी दुपारपर्यंत सिस्टर पांढऱ्या ढिगाऱ्याआड नाहीशा झाल्या. आम्ही भुशावर बसून चहा प्यायलो. अक्का आमच्याकडे बघून हसली आणि म्हणाली, "नाटक बरं होतं तुमचं." इतक्या खुशीत मी तिला पूर्वी पाहिलं नव्हतं.

कवच वाळल्यावर आम्ही ते उघडलं. आतली माती अक्काने स्वतः उकरली. मी मुद्दाम तिच्या हातांकडे बघत होते. ते एकदाही थांबले नाहीत. चेहऱ्याची माती निघाली, हातांची निघाली. मग तिने पाण्याने साचा आतून धुतला, उजेडाकडे वळवला आणि तशीच बसून राहिली.

"काय झालं?" मी विचारलं.

तिने एप्रनच्या खिशात हात घातला आणि रंगाची एक न फोडलेली पुडी बाहेर काढली.

त्याचा अर्थ तिने आम्हाला सांगितला तो असा. साच्याच्या अगदी पहिल्या पातळ थरात रंग घालायचा असतो. शेवटी छिन्नीने कवच फोडताना तो रंग दिसला की कळतं, आता मूर्ती जवळ आली, हात सैल सोडा. तो रंग नसला तर पांढऱ्यात पांढरं. कवच कुठे संपलं आणि नाक कुठे सुरू झालं हे छिन्नीला कळत नाही. कारखान्यात पहिली बादली भाऊच कालवायचा आणि रंगवायचा, तीही अक्काला मज्जाव असलेल्या खोलीत. अक्काने जन्मभर नंतर नुसते फुटलेल्या कवचांचे निळे तुकडे झाडले होते. रंग घालायचा असतो हे तिला पाठ होतं, पुडीही आणली होती. पण घालण्याची सवय तिच्या हाताला नव्हती, आणि आमच्या गोंधळात डोक्यालाही आठवलं नाही.

माती आता नुसती माती झाली होती. पुन्हा घडवायची तर सगळं पहिल्यापासून, आणि समिती यायला तेवढा अवधी नव्हता.

दुष्ट हळूच म्हणाला, "बाई, आमच्यामुळे झालं का?"

"नाही. माझ्यामुळे." ती उठली, शेडच्या दारापर्यंत गेली, परत आली. "साचा पांढरा झालाय ना? होऊ दे. मूर्ती रंगीत ओतू. म्हणजे फोडताना रंग दिसला की थांबायचं."

"रंगीत मूर्ती?" काका म्हणाले.

"फरक कळल्याशी मतलब. पण या पुडीने नखसुद्धा रंगणार नाही. तुमच्याकडे काय आहे?"

काका विचारात पडले. "जंगलाचा हिरवा संपला. राजवाड्याचा तांबडा थोडा आहे. आकाश मात्र पोतंभर आहे."

"आकाश आणा."

असं आमच्या पडद्यावरचं आकाश सिस्टरांच्या अंगात गेलं.

मूर्ती ओतून वाळल्यावर अक्का छिन्नी घेऊन बसली. मला आत येऊ दिलं, कारण कुणीतरी तुकडे उचलायला हवं होतं. ती खांद्यापासून सुरू झाली. टक, टक, पांढरा तुकडा उडे, आणि खाली निळं दिसलं की तिचा हात आपोआप हलका होई. कपाळ आलं, बंद ओठ आले, वर सरकवलेल्या बाहीची चुणी आली. मांडीवरचे तळवे तिने सर्वांत शेवटी ठेवले होते. बोटांच्या मधली कवचाची शेवटची ढलपी निघाली तेव्हा तिने छिन्नी खाली ठेवली आणि त्या तळव्यावर आपला तळवा टेकवला.

"एकही बोट गेलं नाही," ती म्हणाली.

सिस्टर अख्ख्या निळ्या होत्या, आणि नीट सारख्याही नाहीत. प्रत्येक बादलीत आकाश कमीजास्त पडलेलं. गुडघ्यांपाशी दुपार होती आणि मानेपाशी संध्याकाळ. पण बसल्या होत्या त्या हेड सिस्टरच.

दुसऱ्या दिवशी भाऊ आला. बातमी पोचवायला वखारवाला होताच. त्याने मूर्तीभोवती फेरी मारली, जोडांवरून अंगठा फिरवला. साच्याच्या कामात त्याच्या तोडीचा माणूस आसपास नव्हता, हे मान्य केलंच पाहिजे.

"जोड बरे बसलेत," तो म्हणाला. "पहिल्या हातात रंग विसरलीस?"

"विसरले."

"पांढरा रंग मारून घे. समितीला कळणारही नाही."

"तळव्यावरच्या रेघा बघ. एक हात रंग बसला की बुजतील."

"रेघा कोण बघतंय?"

"मी केल्यात, मी बघते."

"अक्का, ते लोक हसतील."

"हसू देत. माझी चूक आहे, मी तिला कपडे घालणार नाही."

समिती आली. सेक्रेटरी आत शिरले आणि दारातच थबकले. त्यांच्यामागचे त्यांच्या पाठीवर आदळले. कुणी बोलायच्या आधी अक्काच बोलली. "साच्यात रंग घालायला मी विसरले, म्हणून मूर्ती निळी ओतली. धातूत हा रंग उतरत नाही. बाकी काय ते बघा."

भाची पुढे गेली आणि मूर्तीसमोर उकिडवी बसली. ती बराच वेळ उठली नाही. सेक्रेटरी मात्र रुमालाने चष्मा पुसत राहिले.

"बाई, वर्तमानपत्रात फोटो द्यायचाय."

"फोटो काळापांढरा येतो."

"तसं नव्हे. शोभत नाही. सिस्टर म्हटलं की पांढरंशुभ्र डोळ्यांपुढे येतं. असं करू, ही तुमच्या बंधूंकडे पाठवू. ते पांढरी करतील, घासूनपुसून गुळगुळीत करतील. काम तुमच्या घरातच राहील."

"काम माझं आहे. ते माझ्या घराचं नाही."

"मग आमचा नाइलाज आहे."

"माझा नाही," अक्का म्हणाली. "तुम्ही पसंत करेपर्यंत मूर्ती माझी आहे. तिला कोणी हात लावायचा नाही."

समिती निघून गेली आणि नवी मूर्ती करायचं काम भाऊकडे गेलं. अक्काने काय करावं? वखारीतल्या हमालांना बोलावून सिस्टरांना शेडबाहेर आणलं आणि पत्र्याच्या पुढे निघालेल्या छपराखाली, रस्त्याकडे तोंड करून बसवलं. हातगाडीवाले थांबून बघू लागले. दवाखान्यातल्या आया कामावरून जाताना वाट वाकडी करून येऊ लागल्या. "अगंबाई, बसल्यात बघ कशा," असं त्या एकमेकींना म्हणत, आणि मग रंगाकडे लक्ष जाऊन हसत. अक्का आत बसून दोन्ही ऐकायची.

तिच्याकडे दुसरं काम नव्हतं. मी म्हणाले, आमच्या कंपनीत मुखवटे कर, निदान तेवढं. ती म्हणाली, करते, पण त्या कारखान्यात पाऊल ठेवणार नाही. ती वाळलेली माती भिजवून तुडवायची आणि परत वाळू द्यायची.

मग एका दुपारी भाऊ आला. शर्टाला मातीचे डाग होते. तो दारातच उभा राहिला, रस्त्यावरच्या निळ्या सिस्टरांकडे पाठ करून.

"दिव्यासकट उभी करतोय," तो म्हणाला. "जमत नाही."

"काय होतंय?"

"रस्त्यावरच्या दिव्याचा खांब होतोय." तो हसला नाही. "माती तू लाव, अक्का. सेक्रेटरींना कळणार नाही."

"मला कळेल."

"वडिलांनी वाटणी करून दिली होती. माती तुझी, साचा माझा."

"आणि नाव?"

तो शर्टावरचा मातीचा डाग नखाने खरवडू लागला.

"ती बाहेर बसलीय," अक्का म्हणाली. "बघून कर."

भाऊ खरोखर बाहेर गेला. त्याने सिस्टरांसमोर वखारीतला एक ओंडका ओढला आणि त्यावर बसला. पुष्कळ वेळ बसला. मी चहा नेऊन दिला. त्याने कप हातात घेतला पण प्यायला नाही. शेवटी उठला, अक्काकडे न येताच निघून गेला. आम्हाला वाटलं, नक्कल करणार.

त्याने सरळ सेक्रेटरींचं घर गाठलं आणि काम परत केलं. काय बोलला ते भाचीने आम्हाला नंतर सांगितलं. तो म्हणाला, "तुमच्या सिस्टर वखारीपाशी बसल्यात. दुसऱ्या माझ्याच्याने होणार नाहीत. आजवर माझ्या हातून एकही मूर्ती झालेली नाही." एवढं सांगायला छाती लागते. त्या माणसाबद्दल माझ्या मनात जे काही साठलं होतं ते त्या एका वाक्याने पुष्कळसं वाहून गेलं.

अक्का मात्र विरघळली नाही. समिती पुन्हा तिच्या दारात आली तेव्हा तिने आपली अट घातली: मूर्ती आहे तशी ओताऱ्यांकडे जाईल, आणि खाली तिचं नाव खोदलं जाईल, कारखान्याचं नाही. सेक्रेटरींनी मान डोलावली. भाऊने निरोप पाठवला की धातूकामाचा साचा तो करून देईल, मोबदला नको. "मोबदला घेतलाच पाहिजे," अक्काने उलट निरोप दिला. "आणि पहिली बादली माझ्यासमोर कालवायची."

ओताऱ्यांची भट्टी गावाच्या दुसऱ्या टोकाला. मूर्ती नेण्याच्या सकाळी सेक्रेटरी एक मोठी चादर घेऊन हजर.

"भर बाजारातून जायचंय," ते म्हणाले. "झाकून नेऊ."

"ऊन आहे का?" अक्काने विचारलं.

"नाही."

"पाऊस आहे?"

"नाही."

"मग चादर घरी न्या, उपयोगी पडेल."

सिस्टरांना गाडीवर बसवलं, दोरांनी बांधलं. पुढे अक्का, स्वच्छ धुतलेला गोणपाटाचा एप्रन बांधून. मागे आम्ही कंपनीची माणसं. दुष्ट वाटेतल्या सायकली बाजूला करत होता, आणि त्याचा चेहरा बघून त्या आपोआप होतही होत्या. दुकानांतून डोकी बाहेर आली. कुणी हसलं. एका म्हाताऱ्याने टोपी काढली. चौकातल्या पोलिसाने गाडी अडवली आणि मूर्तीकडे वरून खाली बघितलं.

"या तर आपल्या हेड सिस्टर," तो म्हणाला. "माझ्या दोन्ही मुली यांच्याच हातच्या. निळ्या कशा?"

"मी रंग घालायला विसरले होते," अक्का म्हणाली.

"विसरलात म्हणून निळ्या?" त्याला काही केल्या हिशेब लागेना.

"ते समजावून सांगायला वेळ लागेल. मागे मोटारी थांबल्यात."

त्याने मागे बघितलं. मोटारींची रांग लागली होती आणि भोंगे वाजत होते. त्याने हात वर करून त्या सगळ्यांना जागच्या जागी थांबवलं, आणि दुसऱ्या हाताने आम्हाला पुढे जायची खूण केली.

अक्का चौकाच्या मधोमध चालत गेली. तिने पावलांचा वेग जराही वाढवला नाही.